बायकांची दुपार

आयजमाल बीबी आज पाण्यात उतरणार आहे, ही बातमी नुसरतला तलावाच्या मोरीवर कळली आणि ती आणली त्याच्या धाकट्या भावाने. एवढ्यावरूनच नुसरतने ताडलं की यात कुठेतरी पाणी मुरतंय.

सकाळचे आठ वाजले असतील. खालच्या आळीतल्या जर्दाळूच्या बागांची आज पाळी होती. नुसरत लोखंडी चाक दोन्ही हातांनी फिरवत होता आणि मोरीच्या दारातून पाणी घुसळत पाटात पडत होतं. शादमान बांधावरून सपाता फटफटवत आला. चहाची पियाली अजून त्याच्या हातातच होती. थोरल्या भावाला तो अका म्हणायचा.

"अका, आई म्हणते, आज दुपारी ती पोहणार."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? आपल्या तुताकमध्ये समुद्र आहे का?"

नुसरतने चाक सोडलं. "तिचं वय ब्याऐंशी आहे."

"ते तिला माहीत आहे."

"तिला पोहता येतं?"

"नाही. ती म्हणते, पासष्ट वर्षं मी पाण्याकडे बघतेय, आता एकदा पाण्यानेही मला बघावं."

"हे तिच्या डोक्यात कुणी भरवलं?"

"आलात मूळ पदावर!" शादमानने उरलेला चहा गवतात फेकला. "मी नाही भरवलं. सकाळी भाकरी मोडता मोडता तिने स्वतःच सांगितलं."

"आधी आईला पाण्यात घालायचं आणि तिच्यामागून तुझे हंस. मला काय कळत नाही?"

हे हंस म्हणजे हंसाच्या आकाराच्या, पायाने चालवायच्या चार पांढऱ्या होड्या. चौदा वर्षं रशियात, समारामध्ये परक्यांच्या इमारती बांधून शादमान वसंतात घरी आला, तो ट्रकमध्ये या होड्या घालूनच. एका सरोवरावरच्या आरामगृहाने त्या मोडीत काढल्या होत्या. तलावावर होड्या सोडायच्या, काठाला चहाचं दुकान टाकायचं आणि परत जायचं नाही, असा त्याचा बेत होता. पण तलावाचा मीराब, म्हणजे पाण्याचा कारभारी, त्याचा सख्खा भाऊ होता आणि मीराबाने एका शब्दात 'नाही' म्हटलं होतं. तीन आठवडे होड्या अंगणात पडून होत्या. एकीत तर कोंबडी अंडी उबवायला बसली होती. दोघे भाऊ एकमेकांशी आईच्या तोंडून बोलत होते, आणि समाराचा मुकादम दर दोन दिवसांनी फोन करून विचारत होता, एक तारखेला येतोस ना?

"या पाण्यावर दोनशे घरांच्या चुली पेटतात, शादमान. हे न्हाणीघर नाही."

"मला काय सांगता? आईला सांगा." शादमान वळला आणि जाता जाता म्हणाला, "ती पाणकाठच्या बाजेवर बसलीय. गाजरं चिरतेय. हातात सुरी आहे, तेव्हा जरा जपून."

*

जर्दाळूची तोडणी सुरू होण्याआधीच्या रविवारी सगळं घर तलावाकाठी ओश, म्हणजे मांस-गाजराचा पुलाव, खायला जमायचं, ही रीत नुसरतचे वडील राजब मीराब यांच्यापासूनची. विलोच्या झाडांखाली लाकडी बाज, बाजेवर गाद्या, मध्ये चहाची किटली. यंदा ओशनंतर होड्यांचा निकाल आईसमोर लागणार होता. त्यामुळे सकाळपासून सगळ्यांच्या आवाजात जरा जास्तच गोडवा होता.

सवरीनिसा, शादमानची बायको, बीबीच्या शेजारी बसून गाजरांच्या काड्या करत होती. समोर थोरली जाऊ जुलैखा कांदा कापत होती. बारा वर्षांत या दोघी एका अंगणात दोन तंदूर पेटवत आल्या होत्या. एकीची रोटी फुगली की दुसरीला धूर जास्त लागायचा. नवरा परदेशी असताना सवरीने मुलांची आजारपणं काढली, पाळीचं पाणी धरलं, छप्पर शाकारून घेतलं. एक तारीख जवळ येत होती तसतसा तिच्या छातीवर दगड चढत होता, पण ती कुणाला काही बोलली नव्हती.

नुसरत बाजेजवळ येऊन उभा राहिला. "आई, हे मी काय ऐकतोय?"

"ऐकलंस ना? मग परत कशाला विचारतोस?" बीबीने मान वर केली नाही. "हा बांध कुणी घातला, सांग."

"गावाने."

"गावाने म्हणजे कुणी? पुरुष बैल हाकत होते. माती वाहिली सुनांनी. आम्ही एक्केचाळीस जणी. झग्याच्या ओच्यात माती भरायची, चढ चढायचा, ओतायची, परत खाली. मी सतरा वर्षांची होते. माझं पहिलं पोर पोटातच राहिलं नाही, ते याच मातीपायी." तिने सुरी थांबवली नाही. "आणि पहिलं पाणी आलं तेव्हा पुरुषांनी कपड्यांसकट उड्या मारल्या. आम्हालाही मारायच्या होत्या. तुझा बाप म्हणाला, बायांनो, घरी जा, रोट्या भाजा, आज मेजवानी आहे. आम्ही गेलो. तेव्हापासून मी रोट्याच भाजतेय."

विलोत एक चिमणी बोलत होती.

"त्या एक्केचाळीसातल्या आता तिघी राहिल्यात," बीबी म्हणाली. "बारा ते तीन मला तलाव दे. एकही पुरुष काठावर नको. तू मीराब आहेस, तुझ्या शब्दावर गाव हलतं."

"लोक काय म्हणतील?"

"लोक काठावर नसतीलच, तर म्हणतील कुठून?"

"मी आईच्या बाजूने," शादमान पटकन म्हणाला.

बीबीने आता सुरी खाली ठेवली. "तू गप्प बस. माझ्या पदराआडून तुझे हंस पाण्यात सोडायचे नाहीत. त्यांचं काय ते ओशनंतर बघू."

शादमानचा चेहरा उतरला आणि नुसरतच्या ओठांवर हसू आलं. बीबीने तेही पाहिलं. "तुला हसायला काय झालं? तुला तर मी अजून सुरुवातही केली नाही."

तेवढ्यात जुलैखा म्हणाली, "मी पण उतरणार."

सवरीच्या हातातलं गाजर निसटलं. तीस वर्षांत जुलैखाने चारचौघांत नवऱ्याच्या विरुद्ध ब्र काढला नव्हता. नुसरत बायकोकडे पाहतच राहिला. ती कांदा कापत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते कांद्याचं होतं.

"मी पण," सवरी हळूच म्हणाली. दोघी जावांनी बारा वर्षांत बहुधा पहिल्यांदाच एका बाजूने तोंड उघडलं होतं.

*

जुलैखा नवऱ्याच्या मागोमाग मोरीपर्यंत गेली. तिथे पाण्याचा आवाज मोठा होता, म्हणून तिला मोकळेपणाने बोलता आलं.

"तुम्हाला भीती आईची नाही."

"मला कशाचीच भीती नाही."

"तीस वर्षं तुमच्या शेजारी झोपते मी. लग्नाच्या वर्षी तुम्ही पाटात घसरलात. पाणी इथपर्यंत," तिने मांडीला हात लावला, "आणि माझं मनगट असं धरलंत की आठवडाभर काळंनिळं होतं."

नुसरत चाकाच्या दांड्यावरचा गंज नखाने खरवडत राहिला. तो नऊ वर्षांचा असल्यापासून बापाने त्याला मोरीवर उभा केला होता. बरोबरीची पोरं पाण्यात धुडगूस घालायची आणि तो दाराच्या खुणा मोजायचा. पुढे मोकळीक मिळाली तेव्हा मिसरूड फुटलं होतं. एवढ्या मोठ्या पोराने लहानग्यांत शिकायला उतरायचं म्हणजे हसं. मग तो मीराब झाला. ज्याच्या हुकमाने पाणी चालतं त्याला पोहता येत नाही, हे सांगायची वेळ कधी आलीच नाही.

"पहिला हंस पाण्यात गेला की लोक म्हणणार, मीराब, पहिला मान तुमचा," जुलैखा म्हणाली. "हेच ना?"

"कुणाला बोललीस?"

"तीस वर्षांत बोलले?"

"नाही."

"मग आजही नाही बोलणार. पण आईला दुपार द्या. तिला किती उरल्या असतील?"

नुसरतने पाण्याकडे पाहिलं. मग चाक बंद केलं आणि टोपी सारखी करून गावाकडे निघाला. मशिदीसमोरच्या तुतीखाली म्हातारे बसले होते, तिथे उभा राहून त्याने नेहमीच्या पाळ्या सांगाव्यात तसं सांगितलं, "बारा ते तीन तलाव बायकांचा. साबण नाही, तेल नाही, पिण्याचं पाणी आहे. पुरुषांनी टेकडीपलीकडे बसायचं, तलावाकडे पाठ करून. मीही तिथेच असेन."

"आणि कुणी वळून पाहिलं तर?" एकाने विचारलं.

"त्याच्या बागेची पाळी चुकेल."

यापेक्षा मोठी शिक्षा तुताकमध्ये नव्हती.

*

टेकडीपलीकडे करामत बोबो कढईसमोर झारा घेऊन उभा होता. तो राजब मीराबाचा दोस्त, पंच्याऐंशी वर्षांचा सुतार. गावातला प्रत्येक पाळणा आणि प्रत्येक तिरडी त्याच्या हातची. त्याच्यामागे पन्नासेक पुरुष तलावाकडे पाठ करून बसले होते, नमाजाला बसावेत तसे ओळीने.

शादमान ओळीच्या एका टोकाला होता आणि नुसरत दुसऱ्या.

"बसलेत बघा दोघे," बोबो तांदळावर झाकण ठेवत म्हणाला. "मधे गाव घेऊन. अरे, एका आईचं दूध प्यालात ना?"

"सतरा वर्षांच्या अंतराने, बोबो," शादमान म्हणाला. "माझ्या वाटेचं आटलं होतं." ओळीत खसखस पिकली. नुसरत हसला नाही.

शादमानने त्याच्याकडे तिरकं पाहिलं. लहानपणापासून आठवत होता तो हाच चेहरा. दहा-अकरा वर्षांचा शादमान तलावात सूर मारून वर यायचा, तेव्हा बांधावर हा असाच उभा असायचा, हात मागे बांधून, न हसता. इतर पोरांचे थोरले भाऊ पाण्यात यायचे, त्यांना खांद्यावर घेऊन फेकायचे. हा मात्र काठावरून बघायचा. शादमानला वाटायचं, मी याला आवडत नाही. समाराच्या थंडीत, खोपटात पडल्या पडल्याही त्याला कधीकधी तेच वाटायचं.

टेकडीमागून बायकांचा कलकलाट येत होता. तो हळूहळू वाढला. मग एकाएकी शंभर गळ्यांतून एकच किंकाळी उठली.

नुसरत उठला. कुणाला काही कळायच्या आत तो टेकडी चढत होता, बूट घसरत, हातांनी माती धरत. "आई!"

"अका, थांबा!" शादमान मागे धावला. माथ्यापर्यंत पोचला आणि मीराबाचाच हुकूम आठवून त्याने गर्रकन पाठ फिरवली. तो तसाच माथ्यावर उभा राहिला, तोंड कढईकडे आणि कान तलावाकडे.

*

त्या किंकाळीचं असं झालं होतं.

बारा वाजता शंभरावर बायका आल्या. झगे, इजारी, डोक्याला फडकी, सगळं अंगावर तसंच. आल्या आणि काठावर उभ्याच राहिल्या. पाण्यात पाय घालायला कुणी पुढे होईना. मग बीबीने दोन्ही सुनांचे हात धरले आणि चालत गेली, अंगणात चालावी तशी. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. कमरेला लागलं तेव्हा तिचा झगा भोवताली फुगून वर आला.

"याऽ अल्लाह," ती म्हणाली, "हे थंड आहे! मला कुणी सांगितलं का नाही?"

एवढं ऐकलं आणि सगळ्या जणी आत.

सवरीचं बालपण कैराक्कुमच्या मोठ्या पाण्याकाठी गेलं होतं. बाप मासेमार. चालायच्या आधी पोहायला शिकलेली पोर. या गावात सून होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिला सांगितलं गेलं, इथे बायका पाण्यात जात नाहीत. त्यावर ती एक अक्षर बोलली नव्हती. आज तिने कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून श्वास घेतला, खाली गेली आणि वीस हातांवर वर आली.

"ही मासोळी आपल्या घरात होती?" बीबी जुलैखाला म्हणाली. "आणि आपण तिच्याकडून बारा वर्षं शेण्या थापून घेतल्या?"

त्यानंतर जुलैखाची मुलगी परस्तू आणि तिच्या मैत्रिणी कुठेतरी नाहीशा झाल्या. परत आल्या त्या हातगाडीवर एक हंस घेऊन. कोंबडीचा नव्हे, दुसरा. कुणाला विचारलं नाही, पुसलं नाही, सरळ पाण्यात लोटला. पांढरी मान डुलवत तो बीबीसमोर आला आणि बीबी म्हणाली, मला यात बसवा. सहा बायकांनी तिला खालून रेटलं. वर जुलैखा हात धरून ओढत होती. बीबीचा एक पाय आत गेला, दुसरा राहिला, हंस निसटला आणि बीबी पाठीवर धपकन पाण्यात पडली, जुलैखाला घेऊन. वर आली ती तोंडातून पाण्याची चूळ उडवत, खदखदा हसत. तेव्हा ती किंकाळी उठली. ते शंभर बायकांचं हसू होतं, पण टेकडीपलीकडे पोचेपर्यंत त्याचा आकांत झाला होता.

बांधावरून "आई, आई" करत धावत येणारा मीराब सगळ्यांत आधी परस्तूला दिसला. "बाबा, नको!" ती ओरडली. फडकी सावरायला एकच धांदल उडाली. नुसरतने काठाने फिरून जायची वाट धरली नाही. मोरीजवळून आई सर्वांत जवळ दिसत होती आणि तिथेच पाणी सर्वांत खोल होतं. त्याने बुटांसकट उडी टाकली.

आधी बायका हसल्या. मग सवरीच्या लक्षात आलं की त्याचे हात पुढे येत नाहीत, नुसतेच वर जातायत. तिने एकदा पाहिलं आणि सूर मारला.

तो बुडत होता तिथे पोचायला तिला किती हात लागले, हे नंतर बायका वेगवेगळं सांगत. कुणी पंधरा म्हणे, कुणी पन्नास. सवरीने त्याला मागून गळपट्टीला धरलं, कारण पुढून गेलं तर बुडणारा मिठी मारतो, हे बापाने शिकवलं होतं. "अका, झटापट करू नका. पाठीवर पडा. आभाळाकडे बघा." तो आभाळाकडे बघत, खोकत, तिच्यामागे ओढला गेला. काठाच्या चिखलात गुडघ्यांवर बसून त्याने पोटातलं पाणी ओकलं.

बीबी निथळत त्याच्यापाशी आली. "तू आलास कशाला?"

"तू ओरडलीस."

"मी हसत होते रे."

नुसरतने चिखलाने भरलेलं तोंड पुसलं.

"तुला पोहता येत नाही, हे तुला माहीत होतं ना?" बीबीने विचारलं. म्हणजे तिलाही माहीत होतं. कधीपासून, कुणास ठाऊक.

"होतं."

"मग उडी कशी टाकलीस?"

"आई, ते मला उडी टाकल्यावर आठवलं."

बीबी खाली बसली आणि अठ्ठावन्न वर्षांच्या मुलाचं डोकं तिने ओल्या छातीशी धरलं. ती हसतेय की रडतेय हे कुणाला कळलं नाही. पाणी सगळीकडेच होतं.

टेकडीच्या माथ्यावरून पाठमोऱ्या शादमानचा आवाज आला. "काय झालं? अका बरे आहेत ना? कुणीतरी बोला!"

सगळ्या बायकांनी जुलैखाकडे पाहिलं.

"पाय घसरला!" जुलैखा ठणठणीत आवाजात ओरडली. "मोरीवर! बरे आहेत!"

शंभर जणी होत्या. त्यात गावभर बातम्या पोचवणाऱ्या निदान वीस. एकीनेही तोंड उघडलं नाही. काही जणी तर लगेच पाठ वळवून पुन्हा पाण्यात गेल्या, जणू मीराब तिथे नव्हताच.

सवरी फडकं पिळत उभी होती. नुसरतने खालच्या आवाजात तिला विचारलं, "आता तुला काय पाहिजे? होड्या?"

तिचा चेहरा लाल झाला. "मी तुम्हाला पाण्यातून काढलं, अका. सौद्यासाठी नाही. होड्यांचं मी उद्या तुमच्याशी भांडेन. कोरड्या कपड्यांत." आणि ती निघून गेली.

जुलैखाने हे ऐकलं. ती तिच्यामागे गेली आणि काठावर ठेवलेली आपली कोरडी शाल उचलून तिने धाकट्या जावेच्या खांद्यावर टाकली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही, पण बाजेपर्यंत दोघी एकाच शालीत चालत गेल्या.

*

पाचच्या सुमाराला ओश झाला, यंदा घराबरोबर गावाचाही. विलोखाली लांबच लांब सुफरा, जेवणाचं कापड, अंथरला होता. ताटात तांदळाचा डोंगर, वर मांस, लसणाचे अख्खे गड्डे. करामत बोबोचा जुना चापान अंगरखा घालून नुसरत बसला होता. तो त्याला दंडाला तंग होता आणि पोटाला सैल.

"पाय घसरला म्हणे," बोबो म्हणाला. "मीराब झाल्यापासून एकतीस वर्षांत पहिल्यांदा!"

नुसरतने हातातला घास ताटात ठेवला. जुलैखाने मान हलवली. बोलायचं नाही, असं ती सांगत होती.

तो उभा राहिला. "पाय घसरला नाही. मी उडी टाकली. बुडत होतो. मला पोहता येत नाही."

सुफऱ्यावरचे हात जागच्या जागी राहिले.

"कधीच येत नव्हतं. या सवरीने मला काढलं. तुम्हाला वाटलं असेल, मीराबाला पाण्याची नस न् नस माहीत आहे. आहे. पण काठावरूनच."

मग बोबोने दाढीतला भाताचा दाणा काढला. "मलाही येत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"हा तलाव आम्ही खणला तेव्हा कोरडा होता. भरल्यावर मी कपड्यांसकट उडी मारली ती गुडघाभर पाण्यात. पुढे कधी गेलोच नाही."

"मलाही येत नाही," पलीकडून कुणीतरी म्हणालं. "मला थोडंसं," दुसरा. "मला येतं, पण बुडी मारता येत नाही." आता सगळेच बोलू लागले. सात-आठ जण तर असे निघाले की दर उन्हाळ्यात ते 'कानात पाणी जातं' म्हणून काठावर बसत आले होते. हसता हसता एकाला ठसका लागला. बायकांच्या बाजेवरून बीबी ओरडली, "म्हणजे पासष्ट वर्षं तलाव रिकामाच ठेवलात की तुम्ही!"

हशा ओसरल्यावर नुसरत अजून उभाच होता. आता त्याचा आवाज पाळ्या सांगताना असायचा तसा होता. "काठ कुणाला द्यायचा नाही. कुंपण नाही. काठ गावाचा." शादमानने मान खाली घातली. "चहाचं दुकान रस्त्यापलीकडे, आपल्या बागेच्या तुकड्यात. तिथून पाण्यात काही येत नाही. होड्या वरच्या अंगाला, मोरीपासून लांब. आणि रविवारी बारा ते तीन बायकांचं पाणी. दर रविवारी. सवरी शिकवेल, तिला वाटलं तर."

"वाटलं तर काय," सवरी म्हणाली. "उद्या भांडायला आता काही उरलंच नाही."

शादमान उठून विलोंच्या पलीकडे गेला. थोड्या वेळाने तिथून त्याचं रशियनमधलं बोलणं ऐकू आलं. मुकादमाशी बोलत असावा. सवरीला ती भाषा येत नव्हती, पण 'न्येत', म्हणजे 'नाही', हा एक शब्द येत होता आणि तो तिने तीनदा ऐकला. तिने किटली उचलली आणि सगळ्यांना चहा ओतू लागली. जुलैखाची पियाली भरून वाहिली तरी ती ओततच होती.

*

उन्हं कलल्यावर दोघे भाऊ तलावावर राहिले. बाकीचे भांडी घेऊन गेले होते. फक्त बीबी बाजेवर आडवी झाली होती, डोळे मिटून. पाणी तांबूस झालं होतं.

"बूट काढा," शादमान म्हणाला.

"आजच?"

"मग कधी? उद्या तुमची मोरी आहे, परवा तुमची मोरी आहे."

नुसरतने बूट काढले. विजार दुमडली, मग दुमडून काही होणार नाही हे कळल्यावर सोडली. गुडघाभर पाण्यात येऊन तो थांबला. शादमान कमरेइतक्या पाण्यात वाट पाहत होता.

"एक विचारू, अका? मी पोरगा होतो तेव्हा तुम्ही तिथे बांधावर उभे राहायचात. रोज. हात मागे बांधून. मला वाटायचं, तुम्हाला माझा राग येतो."

नुसरत गोंधळला. "राग? कशाचा राग?"

"मग का उभे राहायचात?"

"तू आत असायचास म्हणून. तू बुडी मारायचास आणि मी आकडे मोजायचो. वीसपर्यंत वर आला नाहीस तर ओरडायचं, असं ठरवलं होतं."

"तुम्हाला पोहता येत नव्हतं. वाचवलं असतंत कसं?"

"वाचवता आलं नसतं. ओरडता तरी आलं असतं."

शादमानने पाण्यात तोंड घातलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. वर आला तेव्हा नुसरतचे ओठ हलत होते. तो अठरापर्यंत आला होता.

"ये," शादमान म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने थोरल्याला एकेरीत हाक मारली आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. "पाठीवर पड. मान सैल सोड. मी खालून धरलंय."

नुसरत पडला. पाणी त्याच्या कानांत शिरलं, छाती दगडासारखी ताठ झाली. खाली दोन तळवे होते, समाराच्या सिमेंटने खरखरीत झालेले. वर आभाळ होतं.

"हात काढू नकोस," तो म्हणाला.

"नाही काढत," शादमान म्हणाला. "मी आता कुठे जाणार आहे?"